बंदूक 'वापरली' म्हणजे नक्की काय केलं? : 'यूज' या शब्दाचं एक प्रकरण

फ्लोरिडातल्या एका मोटेलची खोली. एका माणसाने काळ्या कॅनव्हासच्या पिशवीतून बंदूक बाहेर काढली. समोरच्याने ती नीट पाहिली आणि विचारलं, काय घेणार हिचं? त्याने पैसे मागितले नाहीत. दोन औंस कोकेन मागितलं, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम.

गोळी सुटली नाही. बंदूक कुणावर रोखली गेली नाही, कुणाला दम भरला गेला नाही. सौदाही शेवटी झाला नाही. तरी या प्रसंगापायी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या ९ न्यायमूर्तींना एका लहानशा इंग्रजी क्रियापदाचा अर्थ लावत बसावं लागलं. ते क्रियापद म्हणजे 'यूज'. या माणसाने बंदूक 'यूज' केली का? हो म्हटलं तर त्या एका आरोपापोटी ३० वर्षं तुरुंग. नाही म्हटलं तर ती ३० वर्षं नाहीत.

इंग्रजी कायद्याची कागदपत्रं मराठीत आणायचं काम मी करते. लोकांना वाटतं, त्यातले लॅटिन शब्द जड जात असतील. ते जड जात नाहीत. त्यांना एकच अर्थ असतो आणि तो कोशात सापडतो. दिवस खातात ते 'यूज', 'कॅरी', 'टेक' असे पाचवीतल्या मुलाला येणारे शब्द. म्हणून 'स्मिथ विरुद्ध अमेरिका' हा १९९३ चा खटला मी अनेकदा वाचला आहे. कायदा शिकणाऱ्यांइतकाच तो भाषेच्या माणसांनीही वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

काय घडलं

स्मिथ आणि त्याचा साथीदार टेनेसी राज्यातून फ्लोरिडात आले होते ते कोकेन घ्यायला. परत नेऊन नफ्याने विकायचा बेत होता. तिथे ओळखीची एक बाई होती, तिने त्याला कोकेन मिळवून दिलं आणि दोघांना आपल्या मोटेलच्या खोलीवर नेलं. तिथे अमली पदार्थांचा एक विक्रेता आला. बोलण्याबोलण्यात स्मिथच्या मॅक-१० बंदुकीचा विषय निघाला. ही बंदूक अंगाने लहान, वजनाला हलकी; नळीला आवाज दाबणारा सायलेन्सर बसतो; मिनिटाला हजाराच्या वर गोळ्या झाडते. स्मिथची तर चाप दाबून धरला की झाडतच राहील अशी करून घेतलेली होती. विक्रेत्याला ती आवडली. दुसऱ्या एकाशी बोलणं चाललंय, ते फिसकटलं तर बघू, असं स्मिथ म्हणाला.

ती बाई पोलिसांचीही खबरी होती. तिने ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला कळवलं आणि तिथून साध्या वेशातला एक अधिकारी आला. आपलं गहाणवटीचं दुकान आहे, अशी ओळख त्याने करून दिली. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग या दोघांमधला. 'माझा कोकेनचा धंदा नाही, पण बंदूक मला हवी आहे; बघतो, तासाभरात येतो,' असं सांगून अधिकारी निघाला तो अटकेची तयारी करायला. स्मिथला तासभर धीर निघाला नाही. पिशवी घेऊन तो व्हॅनमध्ये बसला आणि चालता झाला. पोलिसांनी अडवलं तेव्हा त्याने गाडी सुसाट पळवली, पण शेवटी सापडला. व्हॅनमध्ये मॅक-१०, सायलेन्सर, काडतुसं, शिवाय मॅक-११ ही दुसरी मशीनगन, एक भरलेलं पिस्तूल, दुर्बीण लावलेलं आणखी एक पिस्तूल निघालं. त्याच्या कमरेला खोचलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूलही भरलेलं होतं.

हा माणूस कुणाची माया वाटावी असा नव्हता, हे इथेच सांगून ठेवते. प्रश्न त्याच्या चांगुलपणाचा कधीच नव्हता.

कलम

अमेरिकेच्या संघीय फौजदारी कायद्यात कलम ९२४ आहे, त्याचं (सी) हे उपकलम १९६८ मध्ये आलं. १९८६ मध्ये त्यात अमली पदार्थांच्या व्यापाराचे गुन्हे घातले गेले. स्मिथच्या वेळचं कलम असं सांगत होतं: हिंसेचा किंवा अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा करताना आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो कुणी बंदूक 'यूज' करील किंवा 'कॅरी' करील, त्याला मूळ शिक्षेच्या वर आणखी ५ वर्षं. बंदूक मशीनगन असेल किंवा तिला सायलेन्सर असेल तर ५ च्या जागी ३० वर्षं.

सरकारने स्मिथवर आरोप ठेवला तो मॅक-१० 'यूज' केल्याचा. कमरेच्या पिस्तुलावरून 'कॅरी'चा आरोप सहज ठेवता आला असता, असं वाचताना वाटतं. पण ते साधं पिस्तूल होतं आणि मॅक-१० मशीनगन होती. ५ वर्षं कुठे आणि ३० कुठे! ज्युरीने दोषी ठरवलं. स्मिथचं म्हणणं होतं की 'यूज' म्हणजे शस्त्र म्हणून वापरणं. मी तर ती विकायला काढली होती. अपिलाच्या न्यायालयाने ते मानलं नाही. दुसऱ्या एका अपिलाच्या न्यायालयाने मात्र आधीच्या अशाच अदलाबदलीत नेमका उलटा निर्णय दिला होता. एकाच देशात एका क्रियापदाचे दोन अर्थ चालू राहिले, म्हणून गोष्ट सर्वोच्च न्यायालयात गेली.

सहा विरुद्ध तीन

निकाल १ जून १९९३ ला लागला. ६ न्यायमूर्तींनी स्मिथने बंदूक 'यूज' केली असं धरलं, ३ न्यायमूर्तींनी नाही म्हटलं. बहुमताचा निकाल सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिला. त्या न्यायालयातल्या त्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. विरोधी मत अँटनिन स्कलिया यांचं. ओ'कॉनर ॲरिझोनातल्या गुरांच्या रँचवर वाढल्या होत्या, लहानपणापासून त्यांना रायफल चालवता येत होती. स्कलियांना शिकारीचा नाद होता. बंदूक हातात घेणं म्हणजे काय, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. मतभेद वस्तूबद्दल नव्हता, क्रियापदाबद्दल होता.

ओ'कॉनर यांनी कोश उघडले. वेबस्टरच्या कोशात 'यूज'चा अर्थ आहे आपल्या कामी लावणं, योजणं. ब्लॅक यांच्या कायद्याच्या कोशात एखाद्या गोष्टीच्या साहाय्याने हेतू साधणं, असाही अर्थ आहे. स्मिथला कोकेन हवं होतं, ते मिळवायला त्याने बंदूक कामी लावली. मग 'यूज' नाही तर काय? त्यांनी न्यायालयाच्या १८८४ च्या एका निकालाचाही दाखला दिला. तो खटला युरोपातून आणलेल्या कपड्यांवरच्या आयातकराचा होता, आणि त्यात 'वापरात असलेले कपडे' कुणाला म्हणायचं हा वाद होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही याच शब्दाने याच न्यायालयाला दमवलं होतं. आपल्याकडे हा प्रश्न कुणीही बाई चुटकीसरशी सोडवील. वापरातल्या साड्या वेगळ्या, ठेवणीतल्या साड्या वेगळ्या. ठेवणीतली पैठणी दोनदा नेसलेली असली तरी ठेवणीतलीच.

ओ'कॉनर यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोशातला नव्हता. याच कलमात पुढे बंदुका जप्त करण्याचं एक उपकलम आहे. त्यात गुन्ह्यांची यादी आहे, आणि त्यातल्या काही गुन्ह्यांत बंदूक फक्त विकली जाते किंवा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली जाते. तरी तिथे शब्द 'यूज्ड' असाच आहे. मग कायदा करणाऱ्यांच्या मनात 'यूज'मध्ये देवघेव बसत होतीच ना? या मुद्द्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. स्कलियांनी दिलेलं उत्तरही मला अर्धंच पटतं: दोन उपकलमांची कामं वेगळी, म्हणून शब्दाची व्याप्तीही वेगळी.

मग बंदुकीने डोकं खाजवलं तरी ३० वर्षं का? हा आक्षेप आलाच. ओ'कॉनर यांनी त्याचं उत्तर दिलं: कलमात 'गुन्ह्याच्या संबंधात' हे शब्द आहेत, डोकं खाजवण्याचा कोकेनशी संबंध नाही. आणि अदलाबदलीसाठी आणलेली बंदूक खोलीत असली तरी धोका तोच. आत्ता मोल म्हणून पुढे केलेली वस्तू पुढच्या क्षणी हत्यार होते. हे खरंच आहे. अशा खोलीत ज्याला काम करावं लागतं त्या पोलिसाला विचारा.

काठी

स्कलियांचं विरोधी मत लहान आहे आणि त्यातलं एक उदाहरण इंग्रजी कायद्याच्या वर्गांत आजही सांगितलं जातं. कुणी विचारलं, 'तुम्ही काठी वापरता का?' तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी दिवाणखान्यात शोभेला टांगली आहे का, हे त्याला विचारायचं नसतं. तुम्ही काठी टेकत चालता का, हे विचारायचं असतं. तसंच 'बंदूक वापरली का' म्हटलं की शस्त्र म्हणून वापरली का, हेच सगळ्यांना कळतं. शब्द कसा वापरता येईल आणि तो सहसा कसा वापरला जातो, यातला फरक बहुमताच्या लक्षात आला नाही, असं त्यांनी बजावलं. शिवाय फौजदारी कायद्याचा जुना नियम आहे: अर्थ दोन निघत असतील तर आरोपीला सौम्य पडेल तो घ्यावा.

हे उदाहरण मराठीत आणताना मला एक शब्दही बदलावा लागला नाही. कानामात्रेचाही फरक न करता ते आपल्या ओसरीवर येऊन बसतं.

ओ'कॉनर यांनी मात्र काठी अशी सोडली नाही. अमेरिकेच्या इतिहासातला काठीचा सगळ्यात कुप्रसिद्ध वापर चालण्यासाठी नव्हताच, असं त्यांनी दाखवून दिलं. २२ मे १८५६ ला सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीच्या विरोधात बोललेल्या चार्ल्स सम्नर यांना प्रेस्टन ब्रुक्स या दक्षिणेतल्या लोकप्रतिनिधीने काठीने बेदम मारलं. काठी 'यूज' झाली, पण टेकायला नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, जिंकल्या. मग मी तीन मराठी वाक्यं कागदावर लिहिली:

आजोबा काठी वापरतात.
मास्तर काठी वापरायचे.
काठ्यांचा दुकानदार काठ्या वापरतो.

पहिल्या वाक्यात चालणं ऐकू येतं, दुसऱ्यात छडीचा आवाज ऐकू येतो. क्रियापद तेच, वस्तू तीच. फक्त कर्ता बदलला आणि अर्थ फिरला. इथवर ओ'कॉनर यांचं बरोबर आहे, अर्थ एक नाही. पण तिसरं वाक्य पाहा. दुकानदाराचं पोट त्या काठ्यांवर चालतं. कोशातला 'आपल्या कामी लावणं' हा अर्थ त्याला अगदी चपखल लागू आहे. तरी हे वाक्य ऐकून 'तो काठ्या विकतो' असं मराठी बोलणाऱ्या एकाही माणसाला कळणार नाही. काठीचे दोन वापर झाले, चार होतील, पण विकणं किंवा बदल्यात देणं हा काही काठीचा वापर होत नाही. ते काठीचं काय केलं याचं उत्तर आहे, काठीने काय केलं याचं नाही.

याच कायद्याच्या त्याच प्रकरणात, दोन कलमं अलीकडे, आणखी एक जागा आहे. अमली पदार्थांचा बेकायदेशीर 'यूजर' असलेल्या माणसाला बंदूक जवळ ठेवता येत नाही. हा 'यूजर' कोण? सेवन करणारा. किलोकिलोने कोकेन विकून बंगले बांधणारा पण स्वतः चिमूटभरही न घेणारा माणूस 'यूजर' आहे, असं कुणी म्हणत नाही. त्याने कोकेन आपल्या कामी लावलं नाही का? लावलं. मग मोटेलच्या त्या खोलीत एका हातातल्या कोकेनला 'यूज' म्हणजे सेवन, आणि दुसऱ्या हातातल्या बंदुकीला 'यूज' म्हणजे देवघेव, हे कसं? नाम शेजारी येऊन बसलं की क्रियापद आपला पसारा आवरून घेतं. कोकेनजवळ तो घेण्यापुरता, बंदुकीजवळ चालवण्या-रोखण्यापुरता. कोश क्रियापदाला एकट्याला बसवून त्याचा फोटो काढतो, म्हणून तिथे ते इतकं रुंद दिसतं.

आमच्या घरी पाणी दोन प्रकारचं असायचं: प्यायचं आणि वापरायचं. प्यायचं स्वयंपाकघरात, फडकं बांधलेल्या कळशीत. वापरायचं मोरीतल्या ड्रममध्ये. उन्हातून खेळून आलेल्या एखाद्या पाहुण्या पोराने ड्रममध्ये तांब्या बुडवला की आतून आजीची हाक यायची, 'अरे, ते वापरायचं आहे, पिऊ नकोस!' आता कोश घेऊन बसलं तर पिणं हा पाण्याचा पहिला वापर. पण 'वापरायचं पाणी' म्हटलं की पिणं तेवढं त्यातून वजा होतं, आणि हे मराठी घरातल्या चार वर्षांच्या मुलाला कळतं. हा अर्थ तुम्हाला 'वापर' आणि 'पाणी' हे शब्द वेगवेगळे शोधून मिळणार नाही. स्कलियांनी एवढंच म्हटलं होतं.

व्युत्पत्तीकडे वळलं तर गंमतीची गोष्ट हाती लागते. आपला 'वापर' संस्कृत 'व्यापार' या शब्दाचंच झिजलेलं रूप. संस्कृतात व्यापार म्हणजे काम, उद्योग, गुंतून राहणं. आज मराठीत व्यापार म्हणजे देवघेव. मुळावर जाऊन निकाल द्यायचा तर कौल ओ'कॉनर यांच्या बाजूने जाईल. इंग्रजी 'यूज' मात्र जुन्या फ्रेंचमधून लॅटिन 'ऊसुस'कडे जातो, आणि इंग्लंडच्या जमिनीच्या जुन्या कायद्यातला 'यूज', ज्याच्यासाठी आठव्या हेन्रीच्या काळात १५३६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तो लॅटिन 'ओपुस'पासून आलेला निराळाच शब्द आहे. स्पेलिंग एक, खापरपणजोबा वेगळे. म्हणून मुळं खणून फौजदारी शिक्षा ठरवू नये, असं माझं मत आहे. आज बोलणारा माणूस मुळं बरोबर घेऊन बोलत नाही.

पुढे शब्दाने काय काय करायला लावलं

एकदा दार रुंद उघडलं की आत कोण कोण येईल, हे न्यायालयाला लवकरच कळलं. १९९५ च्या बेली खटल्यात दोन प्रकरणं एकत्र होती. एकात गाडीच्या डिकीतल्या पिशवीत भरलेलं पिस्तूल सापडलं होतं, दुसऱ्यात निजायच्या खोलीतल्या कपाटात, कुलूप लावलेल्या ट्रंकेत, न भरलेलं छोटं पिस्तूल. दोघांवरही 'यूज'चाच ठपका. पिस्तूल जवळ असल्याने धीर येतो, माल राखला जातो, म्हणजे 'यूज' झालाच, असं सरकारचं म्हणणं. या वेळी सर्व न्यायमूर्ती एकमताने नाही म्हणाले. नुसतं जवळ असणं पुरेसं नाही, बंदूक प्रत्यक्ष कामाला लावलेली हवी. आणि हा निकालही ओ'कॉनर यांनीच लिहिला! त्यांनी त्यात एक वाक्य दिलं आहे, त्याचा आशय असा: घराच्या रक्षणासाठी मी बंदूक 'यूज' करतो, पण ती 'यूज' करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. इंग्रजीत हे वाक्य बिनचूक आहे. एका वाक्यात एक शब्द दोनदा, दोन अर्थांनी, आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही.

मराठीत हे वाक्य आणायला बसले तेव्हा पहिल्या ठिकाणी 'वापरतो' लिहिताच आलं नाही. आपण म्हणू, 'घराच्या रक्षणासाठी मी बंदूक ठेवतो, पण ती वापरायची वेळ कधी आली नाही.' ठेवणं आणि वापरणं ही मराठीने आधीच वेगळी काढून ठेवली आहेत. चष्मा लावतो, छत्री घेतो, काठी टेकतो, बंदूक चालवतो, शस्त्र बाळगतो. जिथे इंग्रजी माणूस एका 'यूज'वर भागवतो, तिथे आपण वस्तूगणिक क्रियापद बदलतो. बेलीच्या खटल्याचा निम्मा वाद मराठीत उभाच राहिला नसता. त्याऐवजी 'बाळगणे' म्हणजे काय यावर उभा राहिला असता, हेही खरं.

मात्र बेलीच्या निकालात 'प्रत्यक्ष कामाला लावणं' याची उदाहरणं देताना गोळी झाडणं, रोखून दाखवणं, दस्त्याने मारणं यांच्या पंक्तीत 'बदल्यात देणं' हेही बसवलं गेलं. स्मिथचा निकाल तसाच राहिला.

१९९८ मध्ये दोन गोष्टी झाल्या. जूनमध्ये मस्करेलो खटल्यात न्यायालयाने दुसऱ्या क्रियापदाचा, 'कॅरी'चा, अर्थ लावला: मोटारीच्या कुलूपबंद खणात ठेवलेली बंदूकही 'कॅरी' केलेलीच. ५ विरुद्ध ४. न्यायमूर्तींनी बायबलपासून वर्तमानपत्रांपर्यंत वाक्यं धुंडाळली आणि दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीची मिळाली. आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कलमच बदललं. 'यूज' आणि 'कॅरी' यांच्या जोडीला, गुन्हा पुढे नेण्यासाठी बंदूक जवळ बाळगणं, हे तिसरं क्रियापद घातलं. रोखून दाखवली तर निदान ७ वर्षं, झाडली तर निदान १०, असे टप्पेही केले. हे काम आधीच व्हायला हवं होतं. ज्या क्रियेची शिक्षा द्यायची आहे तिचं नाव लिहा. एका ढोबळ शब्दात सगळ्या क्रिया कोंबू नका.

मग २००७ मध्ये उलटी बाजू समोर आली. लुइझियानातल्या वॉटसन नावाच्या माणसाने वेदनाशामक अमली गोळ्या दिल्या आणि बदल्यात पिस्तूल घेतलं. पिस्तूल देणाराही पोलिसांचाच माणूस होता. आता पिस्तूल घेणाऱ्याने पिस्तूल 'यूज' केलं का? न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी लिहिलेल्या निकालात सगळ्यांचं उत्तर नाही. शाळेच्या डब्यातलं उदाहरण त्यांनी दिलं. सफरचंद देऊन ग्रॅनोलाची वडी घेणाऱ्या मुलाने सफरचंद कामी लावलं म्हणता येईल. त्याने वडी 'यूज' केली असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला काय घडलं ते कळणारच नाही. हे सूटर १९९३ मध्ये स्कलियांच्या बाजूने होते. या खेपेस त्यांनी नेहमीच्या बोलण्यातला अर्थ घेतला, कोशाच्या रांगा लावल्या नाहीत.

त्यामुळे आज कायदा असा आहे: एकाच टेबलावर, एकाच सौद्यात, बंदूक देऊन कोकेन घेणाऱ्याने बंदूक 'यूज' केली आणि कोकेन देऊन बंदूक घेणाऱ्याने केली नाही. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी वॉटसनच्या निकालाला वेगळी छोटी सहमती जोडली आणि हा भेद आपल्याला पटत नाही असं स्पष्ट लिहिलं. स्मिथचाच निकाल रद्द करावा, असं त्यांचं मत होतं. मी त्यांच्याशी सहमत आहे. तो रद्द झाला नाही.

आपल्याकडे

हे प्रकरण परक्या देशाचं म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण हेच क्रियापद इंग्रजांनी आपल्या दंडसंहितेत घालून ठेवलं होतं. कलम ३९७: जबरी चोरी किंवा दरोडा घालताना गुन्हेगाराने प्राणघातक हत्यार 'यूज' केलं तर शिक्षा ७ वर्षांपेक्षा कमी नाही. पुढच्याच कलम ३९८ मध्ये, नुसत्या प्रयत्नासाठी, शब्द वेगळा आहे: हत्यारासह असणं. मग नुसता चाकू हातात धरला तर तो 'यूज' का? फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९७५ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटलं. लुटल्या जाणाऱ्याला दिसेल असा चाकू हातात आहे, त्याला धडकी भरायला तो पुरे आहे, मग वार झाला पाहिजे असं नाही. दोन्ही कलमांची किमान शिक्षा ७ वर्षंच, त्यामुळे एका ठिकाणी वार हवा आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं जवळ असणं पुरे, असं धरलं तर विसंगती होते, असं न्यायालयाने म्हटलं.

हा अर्थ मला मोटेलमधल्या अर्थापेक्षा बोलीच्या कितीतरी जवळचा वाटतो. चाकू दाखवून पाकीट घेतलं तर 'चाकूचा धाक दाखवला' असं आपण म्हणतो, आणि धाक दाखवणं हा चाकूचा चाकू म्हणूनच वापर आहे. धार तिथे कामाला लागली आहे, कातडीला न लागताही. स्मिथच्या बंदुकीची नळी, चाप, गोळ्या यांपैकी काहीच कामाला लागलं नव्हतं. तिच्या जागी सोन्याची चेन असती तरी सौदा तोच झाला असता. नव्या न्याय संहितेत हे कलम ३११ झालं आहे आणि 'यूज' तिथेही आहे.

अमेरिकेच्या कलम ९२४ चं ते वाक्य मी मराठीत आणायला घेतलं होतं, एका अभ्यासवर्गासाठी. पहिल्या मसुद्यात 'बंदूक चालवील' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. त्याने स्मिथ तिथल्या तिथे सुटतो. मग 'बंदूक वापरील' लिहिलं. तरीही मराठी कानाला तो सुटल्यासारखाच वाटतो. मग 'बंदुकीचा उपयोग करील' असं लिहून पाहिलं, आणि मी दचकले. 'त्याने बंदुकीचा उपयोग करून कोकेन मिळवायचा प्रयत्न केला.' हे वाक्य चालतं! थोडं कागदी आहे, पण चालतं. कोशात शेजारी बसणारे दोन शब्द, वापर आणि उपयोग. एक लिहिला तर स्कलिया बरोबर, दुसरा लिहिला तर ओ'कॉनर. इंग्रजी न्यायमूर्तींना एक शब्द मिळाला आणि ते त्याच्या दोन अर्थांवर भांडले. मला दोन शब्द मिळाले, आणि कुठलाही उचलला तरी निकाल माझ्या हातून आधीच लागून जात होता.

शेवटी 'बंदुकीचा वापर करील' असं ठेवलं आहे. समासात पेन्सिलीने 'उपयोग?' लिहिलेलं आहे, ते अजून खोडलेलं नाही.